सुलतानला बसायला शिकवलं, त्याची नोंद

४ नोव्हेंबर, मंगळवार
मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सुलतानचे दोन्ही पंजे. चिखलाचे. खिशाच्या बरोबर वर. मामा देवगाव फाट्याहून दोन गाड्या बदलून आले होते, इथून पुढे बारशाला जायचं होतं. माय ओल्या फडक्याने पुसत राहिली, त्याने डाग पसरला. सुलतानचं तोंड तोवर मामांच्या पिशवीत.
दादा खाटेवरून उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "सोळा तारखेला ज्योतीला बघायला लोक येयलेत. तवर ह्यो माणसात आला तर ठीक. न्हाईतर चुडाव्याहून नांदेडच्या गाडीत घालून दे. उतरंल कुठंबी."
ज्योती माझी बहीण. दादा, म्हणजे आमचे वडील, बोलतात ते करतात. मागच्या कुत्र्याचं असंच केलं होतं.
सुलतान आठ महिन्यांचा आहे. चावत नाही, गुरगुरत नाही. आनंद झाला की अंगावर येतो, आणि त्याला सगळ्यांचाच आनंद होतो. बारा दिवस आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार
मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले. सांगणारा हिंदी बोलतो, त्याच्या कुत्र्याला झोपायला गादी आहे. त्याचं म्हणणं, अंगावर आला की पाठ फिरवा. पाठ फिरवली. पाठीवर आला.
सकाळी मिलिंद नेहमीसारखा गाडी घेऊन फाटकावर. त्याच्या मागे बसून चुडाव्याला जातो. मोटर वाइंडिंगचं दुकान त्याचं, मी चार वर्षं त्याच्या हाताखाली. आठवीपासून एका वर्गात होतो. सुलतानही त्यानेच दिला, स्टेशनच्या फलाटावर सापडलेलं पिल्लू. सकाळी सु.ला बांधलेलं असतं, तरी मि.ला पाहून दोरी ताणतो, गळा आवळेपर्यंत.
मि.ला व्हिडिओचं सांगितलं. म्हणाला, "मास्तर, कुत्र्याला शिकवायलास का कुत्र्याकडून शिकायलास?" वही लिहितो म्हणून मास्तर. शाळा तर अकरावीत सुटली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
तीन दिवस वाया गेले. घोळ कुठे आहे तो आज कळला. "बस" मी म्हणतो. पण पाहुणे येतील तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन आत-बाहेर असणार. पाहुणा काही कुत्र्याला "बस" म्हणणार नाही. म्हणजे पाहुणा आपणहून म्हणतो तोच शब्द हवा.
दुकानात तार गुंडाळताना सुचलं. फाटकातून आत येताना प्रत्येक जण म्हणतो, रामराम. दादा खाटेवरून उलट रामराम म्हणतात. दोन वेळा कानावर पडणार. रामराम ऐकलं की ढुंगण जमिनीला, मग खारीचा तुकडा.
इतकं साधं आहे. व्हिडिओवाल्याला सुचलं नसतं.

९ नोव्हेंबर, रविवार
सुट्टी. सकाळपासून फाटकातून बाहेर जातो, आत येतो, रामराम. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "गोविंदा, जप धरलास काय रे?"
सकाळी २० पैकी ३. दुपारी २० पैकी ११. संध्याकाळी ज्योतीने रामराम केला, तिच्यापुढे बसला नाही. माझ्या आवाजाची सवय झाली असणार. आता सगळ्यांनी करायला हवं. माय तयार होईना. "माणसाला घालून घालून जीव गेला, आता कुत्र्याला बी रामराम?" मग केला. पदर तोंडाला लावून, हसत.
माय हसताना दिसली नव्हती बऱ्याच दिवसांत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
१५ पैकी १४. माणूस कुठलाही असो. पारावरचे दोघे मुद्दाम बघायला आले, त्यांच्यापुढेही बसला.
दादांनी स्वतः रामराम केला. कुणी बघत नाही असं पाहून, खाटेवरून, हळूच. सु. बसला. दादांनी डब्यातून खारी काढून दिली आणि हात धोतराला पुसला. मी ओसरीच्या खांबाआडून पाहिलं. नांदेडच्या गाडीचा विषय चार दिवसांत निघालेला नाही.
टाकी भरायचा टिल्लू पंप जळाला. पाहुणे तीन दिवसांवर. मि. म्हणाला, "तार मी भरतो त्याची, तू कुत्रं बघ. रविवारी सकाळी आणून देतो." मी म्हटलं लवकर आण, घरात पाणी नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
क्रमाने लिहितो.
दहाला पाहुणे आले. चारठाण्याकडचे. मुलगा, त्याचे वडील, चुलते आणि मध्यस्थ. सुलतान मोकळा ठेवला होता, दादांनीच सांगितलं होतं. रामराम. रामराम. सु. धप्पकन बसला, शेपूट झाडूसारखी मातीवर. मुलाचे चुलते इतके खूश की पुन्हा फाटकाबाहेर गेले, पुन्हा आत आले, रामराम. पुन्हा बसला. दादा म्हणाले, "आमच्या गोविंदानं शिकवलंय." माझ्याबद्दल दादा चारचौघांत असं कधी बोलले नव्हते.
पोहे झाले. ज्योती येऊन गेली. नाव, शिक्षण, शिवण येतं का.
साडेअकराला मि. आला. दोन्ही हातांत टिल्लू, पायाने फाटक लोटून थेट अंगणात. "जय भीम काका. झाली मोटर."
सुलतान उडाला. हे वेगळं सांगायला नको, त्याला मि. इतका कुणी आवडत नाही. छातीवर दोन्ही पाय. मि.चे हात गुंतलेले. उताणा पडला, मोटर उजव्या हातावर. सु. त्याचं तोंड चाटत होता.
चुलते म्हणाले, "वा! बेजा हुशार हाय कुत्रं. कुणापुढं बसावं अन् कुणाला लोळवावं, समदं कळतंय."
दादा म्हणाले, "सुलतानला माणसं कळतेत."
सगळे हसले. मीही हसलो. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नाही म्हणता येणार नाही.
मि. उठला. सु.च्या डोक्यावर डाव्या हाताने थाप मारली, त्याच हाताने मोटर उचलून फाटकाजवळच्या दगडावर ठेवली. लागलं का, असं कुणी विचारलं नाही. मी विचारलं नाही. माय हळदीची वाटी घेऊन बाहेर येईपर्यंत गाडी वळणावर गेली होती.
टिल्लू मी दुपारी जोडला. पाणी नीट चढतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मि. न्यायला आला नाही. ऑटोने गेलो. तो पूर्णेला जाऊन हाताचा फोटो काढून आला होता. उजव्या हाताचं मधलं बोट मोडलंय, शेजारच्याला टाके. तीन आठवडे प्लास्टर.
त्या हाताने तो बारीकात बारीक तार ओढतो, तुटत नाही. माझी अजून तुटते.
 खुर्चीवर बसून एवढंच, "तीन मोटरी आल्यात. मोठी आधी घे." दिवसभरात मास्तर म्हणाला नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
चूक कुठे झाली ते मांडून पाहिलं. फाटकावर कोण कोण येतं, याची यादी मी ७ तारखेला मनात केली होती. मामा, पारावरचे, काकू, दूधवाला, पाहुणे. सगळे रामरामवाले. जो माणूस वर्षानुवर्षं रोज येतो तोच यादीत नव्हता.
नव्हता, म्हणजे मला आठवला नाही असं नाही. तो फाटकाबाहेर असतो, आणि यादी आत येणाऱ्यांची होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार
तारेचे वेढे मोजताना बोलता येत नाही, हे एक बरं आहे. एक वेढा चुकला तर मोटर तापते. आज मोटरीची चौथी खाच भरत होतो. मि.ने मागून विचारलं, "गोविंद, त्या दिवशी तू हसलास का रे?"
बेचाळीस. त्रेचाळीस.
"मी? न्हाई गड्या."
वेढे चुकले. उलगडून पहिल्यापासून भरले.  चहा आला तेव्हा मि.ने माझा कप माझ्याकडे सरकवला, नेहमीसारखा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
ठरवलं, सु.ला दुसराही शब्द शिकवायचा. सकाळी दुकानाच्या आधी अर्धा तास. फाटकाबाहेर गेलो, आत आलो, म्हटलं, जय भीम.
आवाज निघाला नाही नीट. हा शब्द आमच्या अंगणात मी पहिल्यांदा म्हटला. मि. रोज सकाळी म्हणतो, आणि मी उत्तरात "हां, चल" म्हणत आलोय. हेही आजच लक्षात आलं.
सु. मान वाकडी करून बघत राहिला. पाचव्या वेळी मोठ्याने म्हटलं. दादा आंघोळीहून आले.
"काय लावलंस?"
"शिकवायलोय त्याला."
"कुत्र्याला शिकवायलास का गल्लीला? ती काकू भिंतीला कान लावून हाय."
"रामराम शिकवलं तवा बी ऐकत होती."
"ते येगळं."
"कसं?"
दादांनी टॉवेल झटकला. "चारठाण्याचा निरोप यायचा हाय. पोरीचं जमायलंय अन् तू अंगणात हे घोष करायलास. त्यांच्या कानावर गेलं तर काय सांगू? जे करायचं ते दुकानात जाऊन कर. त्याच्या."
शेवटचा शब्द जोर देऊन. एरवी गावात कुणी विचारलं तर दादा म्हणतात, "गोविंदा चुडाव्याला कामाला जातो." कुणाच्या दुकानात, ते सांगत नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार
दादा शेतात, कापूस वेचायला बाया लावल्यात. मी मागच्या पडवीत होतो. अंगणातून ज्योतीचा आवाज आला. जय भीम. मग खारीचा कागद. पुन्हा जय भीम.
जाऊन बघतो तर सु. बसलेला. १० पैकी ६, म्हणाली. माझ्यासारखंच मोजत होती.
मी म्हटलं, दादांना कळलं तर?
"तू सांगणार हायस का?"
मग डबा बंद करत म्हणाली, "भैय्या, त्या दिवशी मी खिडकीतून बघत होते. आधी चुलते हसले, मग तू. दादा नंतर."
"आणि मुलगा?"
"तो बी. दात चांगले हायेत त्याचे. तेवढंच दिसलं मला."

२६ नोव्हेंबर, बुधवार
निरोप आला. मुलगी पसंत. सुपारी पुढच्या महिन्यात फोडायची. दादांनी पेढे आणले. एक सु.लाही दिला. "ह्याचा बी हात हाय ह्यात," म्हणाले.
ज्योतीला कुणी विचारलं नाही. मी विचारायला आत गेलो, ती तांदूळ निवडत होती. "मी न्हाई म्हणले तर काय सांगशील त्यांना? कुत्र्याला हसले म्हणून?"  मी तसाच बाहेर आलो. हेही लिहून ठेवतो.
पेढे दुकानात नेले. मि.ने डाव्या हाताने घेतला, "ज्योतीचं चांगलं होऊ दे" म्हणाला आणि खाल्ला. पूर्ण खाल्ला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
सु.ला ऑटोत घालून दुकानात आणलं. दोन दिवस आणतोय. गिऱ्हाईक शटरपाशी येतं, कुणी जय भीम, कुणी रामराम, एक जण सलाम. सलामला सु. उडाला, मी मधे पडलो.
मि. कितीतरी दिवसांनी हसला. "आता सलाम शिकव. मग नमस्कार. मग गुड मॉर्निंग. कुत्रं बारावी पास हुईल मास्तर, तू राहशील अकरावीत."
मास्तर म्हणाला.
पण त्याचं खरं आहे. शब्दांना शेवट नाही, एक ना एक माणूस राहणारच. शब्दच नको. माणूस कोणीही असो, आत येताना फाटकाची कडी वाजते. कडी वाजली की बसायचं. रामराम मोडायचं, जय भीम मोडायचं, सगळं पुसून कडी.

१ डिसेंबर, सोमवार
कडी. सकाळी ३० वेळा. जुना शब्द मोडायला नवा शिकवण्यापेक्षा जास्त खारी लागते.
दादा: "आता मुक्यानं काय करायलास?"
"कडीवर बसायला."
"हे बरं."

३ डिसेंबर, बुधवार
२० पैकी २०. दूधवाला, पोस्टमन, काकू, कपडे विकणारी अनोळखी बाई. कडी वाजते, सु. बसतो, माणूस जवळ येऊन हात लावेपर्यंत उठत नाही. असं नीट काम माझ्या हातून आजवर दुसरं झालेलं नाही.
दुकानात जाऊन मि.ला सांगितलं. सगळं, आकड्यांसह. म्हटलं, आता तू ये. बिनधास्त ये. तुला काही करणार नाही.
तो ऐकत होता. प्लास्टरच्या आत काडी घालून खाजवत होता. मग म्हणाला, "चांगलं शिकवलंस. कुणी बी आलं की बसतंय."
"हो."
"मला एक सांग. आठवीपासून तुमच्या घरी येयलोय. मला कधी कुणी बस म्हणलंय का? आठवून सांग, घाई न्हाई."
मी म्हटलं, असं कसं, म्हटलं असेल की.
"तू वही लिहितोस. बघ."
रागावला नव्हता. वार्निशचा डबा माझ्याकडे सरकवून कामाचं बोलायला लागला.

४ डिसेंबर, गुरुवार
सुट्टी घेतली. पोट दुखतं असं कळवलं. मागच्या सगळ्या वह्या काढल्या, पत्र्याच्या पेटीतून. सात आहेत, नववीपासूनच्या. मिलिंदचं नाव जिथे जिथे आहे तिथे पेन्सिलीने खूण केली.
"मि. आला. निघालो." "मि. हॉर्न वाजवतोय." "मि. फाटकावर, मायने विचारलं कोण आहे." "पाऊस होता, मि. फाटकाबाहेर लिंबाखाली थांबला, मी छत्री घेऊन गेलो." ही नोंद तर मी अभिमानाने लिहिलेली दिसते. छत्री नेली म्हणून.
दहावीच्या निकालाच्या दिवशी तो पेढे घेऊन आला होता. "मायने पेढे घेतले, डबा परत दिला." कुठे दिला, ते लिहिलेलं नाही. मला दिसतंय कुठे. फाटकावरून.
त्याच्या घरी मी जेवलोय, त्याच्या आईने ताट वाढलंय, तेही आहे वहीत. सतरा ठिकाणी. पुढे खूण करायची सोडून दिली.
दादांनी कधी बस म्हटलं नाही, हे शोधायला वह्या लागत नव्हत्या. मी कुठे म्हटलंय ते शोधत होतो. संध्याकाळपर्यंत शोधलं.

६ डिसेंबर, शनिवार
दुकान बंद. मि. त्याच्या वस्तीतल्या लोकांबरोबर सकाळी पांढऱ्या कपड्यात अभिवादनाला गेला. दरवर्षी या दिवशी मी घरी असतो आणि मला "सुट्टी" असते. वहीत तसंच लिहीत आलोय. सुट्टी.

८ डिसेंबर, सोमवार
प्लास्टर काढलं. मधलं बोट पूर्ण मिटत नाही. डॉक्टर म्हणाले हळूहळू. त्याने तार हातात घेऊन बघितली, ओढली, तुटली. पुन्हा ओढली. मग माझ्याकडे दिली.
मी म्हटलं, "मिलिंद, वह्या बघितल्या. कुणी म्हणलेलं न्हाई. मी पण न्हाई."
"हं."
"आणि त्या दिवशी मी हसलो होतो. तुला खोटं बोललो."
"माहीत हाय. पडलेला माणूस खालून समद्यांची तोंडं बघतो."
 गिऱ्हाईक आलं, गेलं.
शेवटी मी म्हटलं, "रविवारी घरी ये. मोटर न्हाई, काम न्हाई. चहाला. आत."
"तुझे दादा?"
"मी बोलतो."
"आधी बोल," म्हणाला. "मग मला सांग. न्हाईतर कुत्र्यासारखं माझ्यावर प्रयोग करू नको."

१० डिसेंबर, बुधवार
दोन दिवस शब्द जुळवले. कागदावर लिहूनही काढले, फाडले. आज दादा हरभऱ्याला पाणी देऊन आले, पाय धूत होते तेव्हा म्हटलं.
"रविवारी मिलिंदला चहाला बोलवायलोय. घरी."
"बोलव की. त्याला कोण नको म्हणलंय? त्यानंच कधी आत पाऊल टाकलं न्हाई."
"टाकलं होतं. सोळा तारखेला."
दादा पाय धूत राहिले. स्वच्छ झालेले पाय पुन्हा धुतले.
माय चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "ते पोरगं आपल्या दारातून हात मोडून गेलं. हळद बी लागली न्हाई."
"तू मधी बोलू नको," दादा म्हणाले. मग मला, "सुपारी तोंडावर हाय. ते झाल्यावर बोलव. कोण कुठं बघत असतंय, कोण कुठं सांगत असतंय. मी काय त्याच्या विरोधात हाय का?"
"रविवारी बोलवलंय."
"मग मला कशाला विचारायलास?"
हे उत्तर हो आहे की नाही ते अजून कळलं नाही. इथे तसंच लिहितो.

११ डिसेंबर, गुरुवार
मि.ला दादांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. एकही गाळला नाही, माझ्या बाजूने एकही घातला नाही. तो म्हणाला, "विचारू नको म्हणले. येऊ नको म्हणले न्हाईत." मग म्हणाला, "बघतो."

१३ डिसेंबर, शनिवार
सु. १५ पैकी १५. आता मोजणं बंद करायला हवं. तो शिकला.
ज्योती म्हणाली, उद्या चहा मी करते. आल्याचा.

१४ डिसेंबर, रविवार
सव्वानऊ. ओसरीवर बसून लिहितोय. आतली खुर्ची अंगणात आणून दादांच्या खाटेशेजारी ठेवली. दीड हात अंतर. दादा पेपर वाचत होते. "कोण बसणार हाय?" म्हणाले. मी म्हटलं, मिलिंद.
दादा उठले, खुर्चीवर टॉवेल वाळत घातला, पुन्हा खाटेवर. मी टॉवेल दोरीवर टाकला.  
साडेनऊ. दादांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली. "उन्हात कशाला," म्हणाले. मी पुन्हा आणून ठेवली. माय दारात उभी आहे. आत दुधाचा वास.
नऊ चाळीस. पेपरचं पान मघापासून तेच आहे. दादा खाटेवरून उठून गेलेले नाहीत, हेही खरं. शेताला जायचं असतं तर एव्हाना गेले असते.
काकू भिंतीवरून डोकावतायत.
गाडीचा आवाज. त्याचीच. फाटकाबाहेर थांबली आहे. इंजिन चालूच आहे, त्याने बंद केलेलं नाही. दादांनी पेपर खाली घेतला. माझ्याकडे बघतायत. मी वही ठेवतो, फाटक उघडायला जातो